पोटात इफेक्ट असलेली जुनी गिटार: घेण्यापासून वाजवण्यापर्यंत

आवाज बदलणारी सर्किटं, म्हणजे इफेक्ट, आतच बसवलेली अशी गिटार फोटोत दिसली की नजर आधी बटणांवर जाते. ओळीने खटके, चार-पाच नॉब, ब्रिजजवळ हाताने दाबायची चकचकीत पट्टी, आणि शेजारी बारीक अक्षरांत डिस्टॉर्शन, ट्रेबल बूस्ट, रिपीट, वा-वा. पेडल नकोत, वायरींचा गुंता नको, सगळं उजव्या हाताशी. मीही असाच भुललो होतो. घरी आणून केबल खोचली तेव्हा सहापैकी दोनच खटके बोलले, आणि त्यातला एक नुसता खरखरला. त्यानंतर मी जे उलट्या क्रमाने शिकलो, ते इथे सुलट क्रमाने लिहितो आहे.

आधी ओळख

१९६२ मध्ये माएस्ट्रो कंपनीचा फझ-टोन, म्हणजे गिटारीचा आवाज खडबडीत (फझ) करणारं पेडल, बाजारात आला. ट्रान्झिस्टर लहान, बॅटरीवर चालणारा. सगळं सर्किट तळहातापेक्षा छोट्या पट्टीवर मावायला लागलं. मग ते जमिनीवर ठेवून पायाने दाबण्यापेक्षा गिटारीतच का बसवू नये, असं काही कंपन्यांच्या डोक्यात आलं. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात व्हॉक्स या ब्रिटिश नावाच्या गिटारी इटलीत रेकानाटीला, एकोच्या कारखान्यात बनत होत्या. त्यातल्या स्टारस्ट्रीम, अल्ट्रासॉनिक वगैरे मॉडेलांमध्ये फझ, बूस्ट, तळहाताने चालवायचा वा-वा (आवाज तोंडासारखा उघडझाप करणारा), आवाजाचे तुकडे पाडणारा ‘रिपीट पर्कशन’, आणि तार जुळवण्यासाठी ई स्वर काढणारं बटण, एवढं सगळं होतं. सत्तरच्या दशकात इलेक्ट्राची एमपीसी मालिका आली. ती जपानमध्ये मात्सुमोकूच्या कारखान्यात बनायची. तिच्या पाठीत दोन खाचा असत. त्यात आपल्याला हवे ते इफेक्ट, कॅसेट सरकवावी तसे खोचायचे. ग्रेचच्या सुपर ॲक्समध्ये फेझर (आवाज घुमवणारा) आणि कॉम्प्रेसर (लहान-मोठा आवाज सारखा करणारा) होता. १९७७ च्या गिब्सन आरडी आर्टिस्टचं सर्किट मूग या सिंथेसायझर कंपनीकडून आलं होतं, कारण तेव्हा दोन्ही कंपन्या नॉर्लिन या एकाच मालकाच्या होत्या.

हा प्रकार फार टिकला नाही. पेडल बिघडलं तर ते बाजूला ठेवून दुसरं लावता येतं. इथे इफेक्ट बिघडला की अख्खी गिटार दुरुस्तीला टाकावी लागते. हे गणित घेण्याआधीच पक्कं करून ठेवा.

आणखी एक फरक नवख्या माणसाला माहीत असायला हवा. काही गिटारींत सगळे खटके बंद केले की पिकअपचा (तारांची थरथर टिपणाऱ्या कॉइलचा) आवाज सरळ जॅकपर्यंत जातो. बॅटरी नसली तरी गिटार वाजते. काहींत मधे कायम चालू असणारा प्रीॲम्प, म्हणजे आवाज वाढवणारं छोटं सर्किट, असतो. बॅटरी संपली की ती मुकी. समोरची गिटार यातली कोणती, हा विकणाऱ्याला विचारायचा पहिला प्रश्न. त्याला उत्तर देता आलं नाही, तर त्याने ती फारशी वाजवलेली नाही असं समजा.

पायरी १: बघायला जाताना

सोबत नवी ९ व्होल्टची बॅटरी, स्वतःची केबल, मल्टिमीटर, छोटा स्क्रू-ड्रायव्हर आणि टॉर्च घ्या. समोरच्याची बॅटरी आणि समोरची केबल वापरलीत, तर दोष कुठे आहे ते कधीच कळणार नाही.

आधी सगळे इफेक्ट बंद करून, जमत असेल तर बॅटरी काढून, साधी गिटार ऐका. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पिकअपमधूनच मरगळलेला आवाज येत असेल, तर फझ लावून त्याला जीव येत नाही, फक्त गोंगाट येतो. केबल गिटारीत तशीच ठेवून तिच्या दुसऱ्या टोकाच्या पिनवर, म्हणजे शेंड्याला आणि बुडाला, मल्टिमीटरच्या तारा लावा. आवाजाचा नॉब पूर्ण उघडा हवा. साध्या एकेरी कॉइलच्या पिकअपला साधारण ५ ते ८ किलोओहम दिसतात, हमबकरला, म्हणजे दुहेरी कॉइलवाल्याला, बहुधा ७ च्या पुढे. काट्याने किंवा आकड्याने काहीच दाखवलं नाही, तर कॉइल तुटलेली असू शकते. कायम चालू प्रीॲम्पवाल्या गिटारीवर मात्र ही युक्ती चालत नाही, कारण मीटरला पिकअप दिसतच नाही.

मग नेक, म्हणजे गिटारीची मान. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर सहावी तार दाबून धरा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखालून बघा. जाडसर कागद सरकेल एवढी, म्हणजे ०.२ ते ०.३ मिलिमीटर फट असेल तर ठीक. बोट जाईल एवढी असेल आणि ट्रस रॉडची (नेकचा बाक जुळवायच्या आतल्या सळीची) नट फिरत नसेल, तर नमस्कार करून निघा.

शेवटी नवी बॅटरी घालून एकेक खटका. इथे माझं मत जरा कडक आहे: मेलेला फझ आणि सरळ नेक, की जिवंत फझ आणि वाकडी नेक? डोळे मिटून पहिली घ्या. त्या काळातलं फझचं सर्किट म्हणजे दोन-तीन ट्रान्झिस्टर आणि मूठभर सुटे भाग. जाणकार हाताला ते जागं करता येतं. ज्याला पर्याय मिळत नाही त्या गोष्टी वेगळ्याच असतात: वा-वाची पट्टी, तिच्याखालची स्प्रिंग, मूळ नॉब, खटक्यांच्या टोप्या, आणि खाचांच्या गिटारीत ते खोचायचे ठोकळे. ठोकळे नसलेली गिटार स्वस्त मिळते खरी, पण मग ते शोधण्यातच वर्षं जातात.

पायरी २: घरी आल्यावर उघडा, पण हात लावू नका

पहिल्या दिवशी पाठीवरचं झाकण काढा आणि फक्त फोटो काढा. वरून, बाजूने, प्रत्येक वायर कुठून कुठे जाते ते दिसेल असे. स्क्रू एका पुठ्ठ्यावर गिटारीचं चित्र काढून त्याच जागी टोचून ठेवा. जुन्या गिटारीतले स्क्रू सगळे सारखे दिसतात आणि नसतात.

माझ्या गिटारीच्या बॅटरीच्या कप्प्यात कापसासारखी पांढरी बुरशी वाढली होती. बुरशी कसली, फुटलेल्या बॅटरीचा क्षार. बॅटरीवर बसणाऱ्या टोपीची काळी वायर हातात घेतली तर ती कडक लागली, आणि वाकवल्याबरोबर आवरणाच्या आत कट्‌ असा बारीक आवाज झाला. आवरण सोललं तर आत तांबं नव्हतंच, हिरवट काळी पूड होती. हा गंज आवरणाच्या आतून वर चढत जातो. बाहेरून वायर नवी दिसते. लालसर, चकाकतं तांबं दिसेपर्यंत ती कापत मागे जावं लागतं. मी तीन वेळा कापली. सहापैकी चार खटके मुके असण्याचं मुख्य कारण तेवढंच होतं.

अल्कलाइन बॅटरीचा क्षार असेल तर कानात घालायच्या कापसाच्या काडीला किंचित व्हिनेगर लावून पुसा. फार जुनी, साधी झिंक-कार्बन बॅटरी फुटली असेल तर तिचा द्रव आम्लधर्मी असतो, तिथे खायच्या सोड्याचं पाणी. दोन्हीनंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या. हातमोजे घाला.

पायरी ३: बॅटरीची शिस्त

बहुतेक अशा गिटारींत केबल जॅकमध्ये खोचली की बॅटरी चालू होते, काढली की बंद. म्हणजे वाजवून झाल्यावर गिटार स्टँडवर ठेवून केबल तशीच राहू दिली, तर इफेक्ट बंद असले तरी बॅटरी झिजत राहू शकते. सर्किट २ मिलिअँपिअर घेत असेल आणि अल्कलाइन बॅटरीत साधारण ५०० मिलिअँपिअर-तास असतील, तर २५० तास. दहा दिवसांत खलास. फेझरसारखं मोठं सर्किट असेल तर त्याहून लवकर.

बॅटरीऐवजी पेडलचा अडॅप्टर जोडायची घाई करू नका. जुन्या जर्मेनियम ट्रान्झिस्टरच्या अनेक सर्किटांत बॅटरीची धन बाजू जमिनीला, म्हणजे अर्थला जोडलेली असते. हल्लीच्या पेडलांत ऋण बाजू असते. एकाच अडॅप्टरवर दोन्ही लावली की शॉर्ट. बॅटरीच बरी.

बॅटरी उतरत आली की फझ आधी तडकतो: सूर संपायच्या आत आवाज एकदम तुटतो, ओल्या लाकडासारखा फटफटतो. काहींना हाच आवाज आवडतो आणि ते मुद्दाम अर्धी बॅटरी वापरतात. तुम्हीही ऐकून बघा, पण आधी नव्या बॅटरीचा आवाज कानात बसू द्या, नाहीतर बिघाड आणि आवड यांतला फरक कळणार नाही.

पायरी ४: खरखर काढणे

वर्षानुवर्षं न फिरलेल्या नॉबांत आणि खटक्यांत धूळ आणि बारीक गंज धरतो. पॉटच्या, म्हणजे नॉबखालच्या फिरणाऱ्या भागाच्या, फटीत इलेक्ट्रॉनिक्ससाठीचा, थोडं वंगण असलेला कॉन्टॅक्ट क्लीनर एक फवारा मारा आणि नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत २०-३० वेळा फिरवा. खटकेही तितकेच वेळा. घरातला गंज सोडवायचा स्प्रे चालणार नाही. तो आत धूळ धरून ठेवतो. पॉलिशवर थेंब पडू नये म्हणून भोवती कापड ठेवा. काही जुन्या गिटारींच्या पॉलिशला रबरही चालत नाही, तेव्हा स्टँडच्या रबरी आकड्यांना सुती कापड गुंडाळा.

आत सर्किटच्या पट्टीवर स्क्रूने फिरणारे छोटे ट्रिमपॉट दिसतील. ते फिरवायचा मोह होतोच. फिरवू नका, फिरवायचेच असतील तर आधी पेनाने मूळ जागेची खूण करा.

पायरी ५: तारा

इथे फार वेळ घालवायची गरज नाही. ०.०१० ते ०.०४६ इंचाचा सेट बहुतेकांना पुरतो; जाड तारा लावून जुन्या नेकवर ताण वाढवू नका. एकोसारख्या युरोपियन गिटारींत नटच्या (इथे नट म्हणजे डोक्याजवळची, तारा बसवायच्या खाचांची पट्टी) लगेच पुढे एक जास्तीचा फ्रेट असतो, त्याला झिरो फ्रेट म्हणतात. तो झिजला असेल तर मोकळ्या तारा झणझणतात आणि दोष उगाच नटवर येतो. ट्रस रॉड एका वेळी पाव फेरा, मग पुन्हा सूर लावून बघा. गिटारीतलं ई स्वराचं बटण चालत असलं तरी त्यावर विसंबू नका. इतक्या वर्षांत त्या सर्किटाच्या भागांचे गुण बदललेले असतात आणि तो स्वरही सरकलेला असू शकतो. साध्या ट्यूनरवर एकदा पडताळा, आणि मग त्या बटणाचा उपयोग ड्रोनसारखा करा. मला तर ते तसंच जास्त आवडतं.

पायरी ६: आवाज कोणत्या वाटेने जातो

वाजवायला बसण्याआधी हे एक शोधून काढा, कारण पुढचं सगळं यावर ठरतं: आवाजाचा नॉब फझच्या आधी आहे की नंतर?

फझ चालू करा, एक तार जोरात छेडा आणि नॉब हळूहळू कमी करा. आवाज लहान होतानाच स्वच्छही होत गेला, तर नॉब आधी आहे. तुमच्या करंगळीत फझची सगळी मात्रा आहे. आवाज फक्त लहान झाला, खडबडीतपणा तेवढाच राहिला, तर नॉब नंतर आहे. दुसऱ्या प्रकारात मात्रा कमी करायचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे हलकं छेडणं.

तसंच, कोणते दोन इफेक्ट एकत्र चालतात आणि कोणते एकमेकांना गिळतात ते कागदावर लिहा. फझच्या आधी वा-वा असेल तर वा-वाने आकार दिलेला आवाज फझमध्ये जातो. नंतर असेल तर तो फझचा रुंद आवाज चाळणीसारखा गाळतो. बटणांशेजारी काय छापलंय त्यापेक्षा कान काय म्हणतात ते खरं.

सुरक्षेचं एक वाक्य इथेच. गिटारीतली ९ व्होल्टची बॅटरी निरुपद्रवी आहे, पण जुनी गिटार बऱ्याचदा जुन्या, दोन पिनांच्या ॲम्पला जोडली जाते. तारांना हात लावल्यावर गुणगुण थांबते, हे ठीक. बोटांना मुंग्या आल्या, तर लगेच प्लग काढा आणि ॲम्प अर्थिंगसह दुरुस्त करून घेईपर्यंत हात लावू नका.

पायरी ७: आता वाजवा

आठवडाभर रोज एकच इफेक्ट. दोन नाहीत.

फझपासून सुरुवात करा. नवखे आधी पूर्ण कॉर्ड धरतात आणि मग ‘हा फझ खराब आहे’ म्हणतात. तो खराब नाही. दोन सूर एकत्र फझमधून गेले की त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे नवे सूर तयार होतात. सा १०० हर्ट्‌झचा आणि प १५० चा धरला, तर वजाबाकी ५०, म्हणजे खालच्या सप्तकातला सा. सगळं एकाच घरातलं. गिटारीवरचा गंधार मात्र १२६ च्या आसपास येतो. १२६ मधून १०० गेले की २६, ज्याचं कोणाशीच जमत नाही. म्हणून सा-प ची जोडी फझमध्ये भरीव वाजते आणि पूर्ण कॉर्ड चिखल होतो. दोन तारांवर सा-प धरून पूर्ण नेकवर वर-खाली फिरा. मग त्यात गंधार घालून बघा आणि नॉब मागे घेत कुठे तो सहन होतो ते शोधा. त्या जागी नॉबवर मनात खूण करा. तीच तुमची कॉर्ड वाजवायची जागा.

जर्मेनियमचा फझ तापमानाला हळवा असतो. उष्णता वाढली की ट्रान्झिस्टरमधून गळणारा प्रवाह वाढतो आणि आवाज बदलतो, कधी तुटक आणि दबका होतो. दिव्यांखाली तासभर वाजवल्यावर गिटार वेगळी वाटली, तर लगेच दुरुस्तीला नेऊ नका. थंड होऊ द्या, पुन्हा ऐका.

तळहाताचा वा-वा शिकायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, कारण तोच तळहात तारा दाबून आवाज बंद करायलाही वापरायचा असतो. सुरुवातीला फक्त मोकळी पाचवी तार. प्लेक्ट्रम खाली जाताना पट्टी दाबा, वर येताना सोडा. हे बिनविचार व्हायला लागलं की उलटं: खाली जाताना सोडा, वर येताना दाबा. मग प्लेक्ट्रम चार वेळा, पट्टी एकदा. इथे मनगट दुखतं, कारण आपण खांद्यातून जोर लावतो. पट्टीला फक्त हाताचं वजन पुरतं. पायाच्या वा-वाशी तुलना करू नका. पाय तालावर आपटतो, म्हणून तिथला वा-वा बहुधा तालात जातो. तळहाताने मात्र एकाच सुराच्या मध्यावर तो उघडता येतो, बोलताना ओठ उघडावेत तसा. या गिटारी सांभाळायचे कष्ट माझ्या मते या एका गोष्टीसाठी परवडतात.

रिपीट पर्कशन म्हणजे फार धारदार ट्रेमोलो: आवाज लाटेसारखा हलत नाही, कातरीने कापल्यासारखा तुकड्या-तुकड्यांनी येतो. त्याच्यावर जोरजोरात स्ट्रमिंग केलंत की तुमचा ताल आणि त्याचा ताल भांडतात. एक कॉर्ड छेडा आणि सोडून द्या. काप तो घेईल. वेगाचा नॉब फिरवत ‘एक दोन तीन चार’ मोजा आणि चार काप एका मात्रेत बसेपर्यंत थांबा. बँडमध्ये वाजवत असाल तर तबलजी असो की ड्रमर, त्याला आधीच सांगून ठेवा: या गाण्यात लय माझी गिटार देणार, तू तिच्यामागे ये. ती तुझ्यामागे येऊ शकत नाही.

बाहेरची पेडल लावायची तर इको (प्रतिध्वनी) किंवा रिव्हर्बपुरती. ॲम्पचा ट्रेमोलो आणि गिटारीचा रिपीट एकदम लावून मी एकदा बघितलं आहे. आवाज येत होता की जात होता तेच कळेना.

पायरी ८: दुरुस्ती

वायर तुटणं, टोपी बदलणं, जॅक स्वच्छ करणं हे स्वतः शिकण्यासारखं आहे. त्यापुढे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. ते आतून वाळतात; मग रिपीट मंदावतो किंवा बंद पडतो, किंवा आवाजात मोटरबोटीसारखी भकभक येते. तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचा, धन-ऋण बाजू बघून नवा लावायचा. बाकीचे भाग चालू असतील तर ‘सोबत बदलून टाकू’ म्हणणाऱ्याला थांबवा. जर्मेनियम ट्रान्झिस्टरचा पाय झाळताना चिमट्याने धरावा लागतो, म्हणजे उष्णता चिमट्यात जाते. हे ज्याला सांगावं लागतं त्याच्या हातात गिटार देऊ नका.

माझी गिटार एकदा एका कारागिराकडून परत आली ती अगदी ठणठणीत, पण आतली सर्किटची पट्टीच नवी. जुनी कुठे, विचारलं तर म्हणाला, टाकली. तेव्हापासून देतानाच एक पाकीट सोबत देतो आणि त्यावर लिहितो: काढलेला प्रत्येक भाग यात. मोठे फेरफार हवेतच असतील तर नवी भोकं न पाडता, मूळ पट्टी काढून पाकिटात ठेवून करा, म्हणजे पुढच्या माणसाला गिटार परत होती तशी करता येईल.

पायरी ९: ठेवताना

महिनाभर वाजवणार नसाल तर बॅटरी बाहेर काढा. पंधरा दिवस म्हणून ठेवलेली गिटार दोन वर्षांनी उघडली जाते. तारा पूर्ण सैल करू नका, सूर अर्धा-एक उतरवला तरी पुरे. खोचायचे ठोकळे असतील तर ते खाचांतच राहू द्या. वेगळे ठेवले की घर बदलताना तेच आधी हरवतात. झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलने बॅटरी घातल्याची तारीख लिहा. माझ्या झाकणावर माझ्या आधीच्या कोणाच्या तरी हातची एक तारीख होती, तिच्याखाली आता माझ्या सात आहेत.